मोबाइल नेटवर्कवरील कॉल, व्हिडिओ आणि सेवेचा दर्जा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१. आवाज आणि व्हिडिओच्या बाबतीत ‘सेवेचा दर्जा’ कशावरून ठरतो?

चार गोष्टींवरून. दर सेकंदाला किती डेटा पोहोचतो, एखाद्या पॅकेटाला (डेटाच्या छोट्या गठ्ठ्याला) इथून तिथे जायला किती वेळ लागतो, तो वेळ पॅकेटागणिक किती कमीजास्त होतो, आणि किती पॅकेटे वाटेतच हरवतात. यांतल्या तिसऱ्या गोष्टीला जिटर म्हणतात. सामान्य ग्राहकाने तिचे नावही ऐकलेले नसते, पण कॉलवरचा आवाज ‘रोबोसारखा’ येतो तेव्हा बहुधा दोष तिचाच असतो.

फाइल उतरवून घेताना मधली दोन पॅकेटे अर्धा सेकंद उशिरा आली तर कोणाचे काहीच बिघडत नाही. बोलण्याचे मात्र तसे नाही. आवाजाला डेटा अगदी थोडा लागतो, पण तो ठरल्या क्षणी लागतो. उशिरा आलेले पॅकेट हे हरवलेल्या पॅकेटाइतकेच निरुपयोगी असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत आवाज पोहोचला तर बहुतेक संभाषणांत विलंब जाणवत नाही, आणि ४०० मिलिसेकंदांपेक्षा अधिक विलंब गृहीत धरून नेटवर्कची आखणी करू नये. पुण्यातील आजी कॅलिफोर्नियातल्या नातवाशी बोलते तेव्हा अंतर सरळ रेषेत मोजले तरी तेरा हजार किलोमीटरांहून अधिक भरते आणि काचेच्या तंतूतून प्रकाशाला तेवढे अंतर कापायलाच पासष्ट मिलिसेकंदांहून अधिक लागतात. म्हणजे १५० पैकी जवळपास निम्मे समुद्राखालीच संपले. उरलेल्यात दोन्हीकडची मोबाइल नेटवर्के, फोनमधले आवाजाचे सांकेतन आणि मधली सगळी यंत्रे भागवायची असतात.

२. स्पीड टेस्टमध्ये चाळीस एमबीपीएस दिसतात, तरीही व्हिडिओ कॉल अडखळतो. टेस्ट खोटी आहे का?

खोटी नाही, पण तिने मोजलेली गोष्ट वेगळी आहे. स्पीड टेस्ट बहुधा जवळच्या सर्व्हरशी एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते आणि काही सेकंद वाट भरून वाहील इतका डेटा ओढते. त्यातून सरासरी वेग कळतो. व्हिडिओ कॉलला एक-दोन एमबीपीएस पुरतात. पण त्या काही सेकंदांत मधेच तीनशे मिलिसेकंद काहीच आले नाही, तर सरासरीवर ओरखडाही उठत नाही आणि कॉलवरचे वाक्य मात्र अर्धवट तुटते.

दुसरे कारण अपलोडचे. आपण डाउनलोडचा आकडा पाहून समाधान मानतो, पण व्हिडिओ कॉलमध्ये आपला चेहरा आणि आवाज पाठवण्याचे काम फोनच्या इवल्याशा ट्रान्समीटरला करावे लागते. सर्वसाधारण ४जी फोनची कमाल प्रक्षेपणशक्ती २३ डीबीएम, म्हणजे सुमारे २०० मिलिवॅट असते. समोरच्या टॉवरवरचा रेडिओ काही दहा वॅटच्या घरात बोलत असतो. त्यामुळे टॉवर आपल्याला व्यवस्थित ऐकू येतो, आपण टॉवरला ऐकू जात नाही, अशी स्थिती घराच्या आतल्या खोलीत नेहमीची आहे. फोनवरच्या रेंजच्या दांड्या टॉवरकडून येणारा सिग्नल दाखवतात, म्हणून त्या भरलेल्या असूनही ‘तुझा आवाज येत नाहीये’ हे वाक्य ऐकावे लागते.

तिसरे कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. कॉल चालू असताना मागे फोटोंचा बॅकअप सुरू असतो आणि फोनच्या मोडेममधली रांग त्या फोटोंनी भरून जाते. कॉलची लहानशी पॅकेटे त्याच रांगेत शेवटी जाऊन उभी राहतात. वेग भरपूर असतो, पण तो फोटोंच्या वाट्याला जातो. अशा वेळी बॅकअप थांबवला की कॉल सुधारतो.

३. केबलवरून किंवा फायबरवरून हेच काम सोपे का जाते? मोबाइलवर नेमकी अडचण कुठे येते?

शेवटच्या टप्प्यात, म्हणजे टॉवर आणि फोन यांच्यामधल्या हवेत. बाकीचा बहुतेक मार्ग तारेचाच असतो.

४जीमध्ये २० मेगाहर्ट्झची एक वाहिनी १०० रिसोर्स ब्लॉकमध्ये विभागलेली असते. प्रत्येक ब्लॉक १८० किलोहर्ट्झ रुंद असतो आणि दर मिलिसेकंदाला कोणता ब्लॉक कोणाला द्यायचा याचा निर्णय टॉवर घेतो. त्या कक्षेतले सगळे फोन याच साठ्यावर जगतात. आता मुद्दा असा की एका ब्लॉकमध्ये किती बिट मावतील हे निश्चित नसते. टॉवरच्या समोर, मोकळ्या जागेत उभ्या असलेल्या फोनला रेडिओ लहरीवरच्या एका चिन्हामागे आठ बिट पाठवता येतात. कक्षेच्या कडेला, दोन भिंतींच्या आड बसलेल्या फोनला कसेबसे दोन, आणि त्यातही बराचसा भाग चुका दुरुस्त करण्यासाठी जोडलेल्या जादा बिटांचा. परिणामी तोच व्हिडिओ त्याच स्पष्टतेने पाहायला कडेवरच्या ग्राहकासाठी दहापटींहूनही अधिक ब्लॉक खर्ची पडू शकतात. म्हणून ‘प्रत्येकाला समान वेग’ आणि ‘प्रत्येकाला समान हिस्सा’ या दोन वेगवेगळ्या मागण्या आहेत, आणि त्यांतली एक पुरी करायला गेले की दुसरी मोडते.

याशिवाय सिग्नल दर क्षणी बदलतो. मान वळवली, बस आडवी गेली, शेजारच्या टॉवरवर कोणी मोठे डाउनलोड लावले, की गणित बदलते. पॅकेट बिघडून पोहोचणे ही इथे रोजचीच बाब असल्यामुळे ४जीची रचनाच अशी केलेली आहे की पहिल्या प्रयत्नात दहापैकी साधारण एक तुकडा चुकेल असे धरून चालायचे आणि तो लगेच पुन्हा पाठवायचा. ४जीच्या एफडीडी प्रकारात (ज्यात पाठवायला आणि घ्यायला वेगवेगळ्या वारंवारता असतात) हा पुन्हा पाठवण्याचा फेरा ८ मिलिसेकंदांचा असतो. एखाद्या तुकड्याला तीन प्रयत्न लागले तर तो १६ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, शेजारचा तुकडा वेळेवर पोहोचतो, आणि जिटर तयार होतो. थोडक्यात, मोबाइल नेटवर्क गळती लपवते आणि तिची किंमत विलंबात वसूल करते. फाइलसाठी हा सौदा उत्तम, बोलण्यासाठी तितकासा नाही.

४. मग कोणाचे पॅकेट आधी जाईल हे टॉवर कसे ठरवतो?

टॉवरमधल्या शेड्यूलर नावाच्या प्रणालीकडे हे काम असते. पंगतीत वाढप्याने ज्याचे पान रिकामे दिसते त्याच्याकडे आधी वळावे, तसे ते वरवर दिसते. पण या वाढप्याला काही पानांपर्यंत हात पोहोचवायलाच जास्त कष्ट पडतात. सर्वांत चांगला सिग्नल असलेल्यालाच सतत दिले तर एकूण डेटा सर्वाधिक वाहतो, मात्र कडेवरचे ग्राहक उपाशी राहतात. सर्वांना आळीपाळीने दिले तर न्याय दिसतो, पण क्षमता वाया जाते. प्रत्यक्षात बहुतेक नेटवर्के या दोहोंमधली पद्धत वापरतात: या क्षणी ग्राहकाला किती वेग देता येईल याला त्याने अलीकडे मिळवलेल्या सरासरी वेगाने भागायचे आणि ज्याचे गुणोत्तर मोठे त्याला पाळी द्यायची. सिग्नल नेहमीच्या मानाने चांगला असलेल्या क्षणी प्रत्येकाला काढून घ्यायचे, असा त्याचा अर्थ.

ही पद्धत वेबपानांसाठी ठीक आहे. आवाजाला ‘चांगल्या क्षणाची’ वाट पाहणे परवडत नाही, म्हणून शेड्यूलरला पॅकेटाचा प्रकारही माहीत असावा लागतो.

५. पॅकेटांचे प्रकार म्हणजे काय? ते कोण ठरवते?

मोबाइल तंत्रज्ञानाची मानके ठरवणाऱ्या ३जीपीपी या संस्थेने. ३जीच्या काळात संभाषण, प्रवाही, परस्परसंवादी आणि पार्श्वभूमी असे चारच वर्ग होते. ४जीमध्ये प्रत्येक प्रवाहाला त्याच्या दर्जाचा वर्ग सांगणारा एक क्यूसीआय क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकामागे तीन गोष्टी दडलेल्या असतात: प्राधान्य, विलंबाची मर्यादा आणि सहन करता येणारी गळती.

क्रमांक १ आवाजी संभाषणासाठी आहे. त्याला १०० मिलिसेकंदांची मर्यादा आणि शंभरात एक पॅकेट गमावण्याची मुभा आहे. क्रमांक २ व्हिडिओ संभाषणासाठी, १५० मिलिसेकंद आणि हजारात एक. या दोघांनाही किमान वेगाची हमी असते. क्रमांक ५ कॉल जोडण्या-तोडण्याच्या संदेशांसाठी असून प्राधान्यक्रमात तो पहिला आहे, कारण घंटीच वाजली नाही तर पुढचे सगळे व्यर्थ. आपले इतर सगळे इंटरनेट साधारणपणे क्रमांक ९ वर किंवा त्याच्या शेजारच्या क्रमांकांवर वाहते: ३०० मिलिसेकंद, वेगाची हमी नाही, पण गळती दहा लाखांत एक इतकी कमी.

शेवटचा आकडा पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते. हमी नसलेल्या सेवेत गळती कमी आणि हमी असलेल्या आवाजात जास्त, हे कसे? कारण आवाजातला वीस मिलिसेकंदांचा एखादा तुकडा गेला तर फोनमधला आवाज उलगडणारा डीकोडर आजूबाजूच्या तुकड्यांवरून तो बेमालूम भरून काढतो. उलट टीसीपीवर (हरवलेले पॅकेट पुन्हा मागवणाऱ्या इंटरनेटच्या नियमावलीवर) चालणाऱ्या डाउनलोडला पॅकेट हरवले की वाटते पुढे गर्दी झाली, आणि ते आपला वेग झपाट्याने कमी करते. हवेत झालेली चूक त्याच्यापर्यंत पोहोचूच नये म्हणून मोबाइल नेटवर्क ती पुनःपुन्हा पाठवून झाकते.

१०० मिलिसेकंदांतही सगळे हवेसाठी नसतात. मानकाच्या हिशोबात त्यांतले २० नेटवर्कच्या आतल्या तारांसाठी बाजूला काढलेले आहेत. रेडिओच्या वाट्याला ८० उरतात.

६. साधा ४जी कॉल आणि व्हॉट्सॲप कॉल दोन्ही डेटावरूनच जातात ना? मग गर्दीत पहिला टिकतो आणि दुसरा तुटतो, असे का?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, त्यामुळे उत्तर जरा लांबते.

दोन्ही डेटावरून जातात हे खरे. जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू केली तेव्हा तिच्याकडे २जी किंवा ३जी नव्हतेच. त्यामुळे तेव्हा तिचा प्रत्येक कॉल हा व्होल्टी कॉल, म्हणजे ४जी डेटावरचा कॉल होता. पण व्होल्टी कॉल लावताच नेटवर्कमधली कॉल सांभाळणारी यंत्रणा धोरण ठरवणाऱ्या यंत्रणेला कळवते, ती टॉवरला सांगते आणि फोन व टॉवर यांच्यात त्या एका कॉलपुरता क्यूसीआय १ चा स्वतंत्र मार्ग उघडला जातो. कॉल संपला की तो मिटतो. समोरच्याचा फोन वाजत असतानाच ही सगळी बोलाचाली उरकलेली असते.

त्या मार्गावरून जाणारे एक पॅकेट जवळून पाहण्यासारखे आहे. फोन दर २० मिलिसेकंदांनी आवाजाचा एक तुकडा बांधतो. एएमआर वाइडबँड हा कोडेक, म्हणजे आवाजाचे सांकेतन करणारी पद्धत, १२.६५ केबीपीएसवर चालत असेल तर त्या तुकड्यात २५३ बिट, म्हणजे ३२ बाइट आवाज असतो. त्यावर आरटीपी, यूडीपी आणि आयपी या इंटरनेटच्या नियमावल्यांचे पत्ते लिहिले की आयपीच्या जुन्या आवृत्तीत (आयपीव्ही४) ४० आणि नव्या आवृत्तीत (आयपीव्ही६) ६० बाइट वाढतात. मालापेक्षा खोके जड! हवेतल्या महागड्या जागेत ही चैन परवडत नाही, म्हणून टॉवर आणि फोन आपसात ठरवून तो पत्ता तीन-चार बाइटांवर आणतात. एकाच कॉलमध्ये पत्ता दरवेळी तोच असतो, फक्त क्रमांक पुढे सरकतो. बोलणारा गप्प बसला तर फोन दर १६० मिलिसेकंदांनी फक्त पार्श्वभूमीच्या खुसफुशीचे वर्णन पाठवतो. आवाज ठरल्या तालात येतो हे माहीत असल्याने टॉवर दर वेळी नव्याने परवानगी न देता ठरावीक ब्लॉक आधीच नेमून देऊ शकतो. कक्षेच्या कडेला फोनची शक्ती कमी पडू लागली, तर तोच तुकडा सलग चार मिलिसेकंद पाठवण्याचीही सोय आहे.

व्हॉट्सॲप, मीट किंवा झूमच्या कॉलला यांतले काहीच मिळत नाही. नेटवर्कच्या दृष्टीने तो इंटरनेटवरचा आणखी एक प्रवाह, शेजारच्या क्रिकेट सामन्याइतकाच आणि ॲप अपडेटइतकाच हक्काचा. तरीही तो बहुतेक वेळा छान चालतो, याचे श्रेय ॲप लिहिणाऱ्यांना द्यायला हवे. हमी नाही हे धरून चालत त्यांनी जुळवून घेण्याच्या युक्त्या शोधल्या. त्यांबद्दल पुढे येईलच. माझे मत विचाराल तर गेल्या दहा वर्षांत ग्राहकाच्या अनुभवात झालेली सुधारणा हमीच्या यंत्रणेपेक्षा या जुळवून घेण्यामुळे अधिक झाली आहे. पण टॉवर पूर्ण भरलेला असताना जुळवून घेण्यालाही मर्यादा येते, आणि तिथे हमीचा मार्ग उठून दिसतो.

७. चालत्या गाडीत किंवा लोकलमध्ये कॉल मध्येच का विरतो?

कारण तुमचा फोन सतत एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवला जात असतो. ४जीमध्ये फोन आधी जुन्याला सोडतो आणि मग नव्याला धरतो. मधली काही दहा मिलिसेकंदांची पोकळी ऐकणाऱ्याला सहसा कळत नाही, कारण जुना टॉवर न पोहोचलेली पॅकेटे नव्याकडे पाठवून देतो. अडचण येते ती सोपवणे उशिरा सुरू झाले तर. जुन्याचा सिग्नल इतका ढासळतो की ‘आता तिकडे जा’ हा संदेशच फोनपर्यंत पोहोचत नाही, आणि मग फोनला नवा टॉवर स्वतः शोधून जोडणी पुन्हा उभी करावी लागते. बोरघाटातले किंवा कसारा घाटातले बोगदे याची उत्तम उदाहरणे ठरतात: बोगद्याच्या तोंडाशी सिग्नल हळूहळू न उतरता एकदम कोसळतो, त्यामुळे पूर्वसूचना मिळायला वावच नसतो.

मुंबईच्या लोकलचा प्रश्न निराळा. तिथे एका गाडीतले शेकडो फोन जवळपास एकाच क्षणी एकाच नव्या टॉवरवर जाऊन आदळतात. त्यांचे सोपवण्याचे संदेश, त्यांचे चालू व्हिडिओ, सगळे काही एकदम. शिवाय डब्याचा धातू आणि दाटीने उभी असलेली माणसे सिग्नल अडवतात ते वेगळेच.

ज्या कंपन्यांकडे २जी अजून आहे तिथे ४जीची कक्षा संपताना कॉल जुन्या नेटवर्कवर उतरवण्याची सोय असते. त्यातला खंड ३०० मिलिसेकंदांच्या आत राहावा असे मानकाचे उद्दिष्ट आहे. ३जीपीपी मानकांच्या १६व्या आवृत्तीत ५जीसाठी दोन्ही टॉवर काही क्षण एकाच वेळी धरून ठेवण्याची पद्धत आली आहे, तिच्यात खंड जवळजवळ शून्यावर येतो.

८. सिनेमा पाहताना मात्र सहसा अडत नाही. तो तर कॉलपेक्षा कितीतरी जड असतो.

जड असतो, पण घाईत नसतो. प्लेयर पुढचे काही सेकंद आधीच साठवून ठेवतो, त्यामुळे अर्ध्या सेकंदाचा विलंब त्या साठ्यात जिरून जातो. शिवाय व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या स्पष्टतेत तयार ठेवलेला असतो. साठा भरत असेल तर प्लेयर वरचा तुकडा मागतो, आटत असेल तर खालचा. ॲपलने २००९ मध्ये या पद्धतीचे एचएलएस आणले आणि २०१२ मध्ये डॅश हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. आज जवळजवळ सगळे याच दोन वाटांनी जाते.

या पद्धतीची सामूहिक ताकद मार्च २०२० मध्ये दिसली. टाळेबंदीत सारा देश घरी बसला तेव्हा भारतातील प्रमुख व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवर १४ एप्रिलपर्यंत ४८०पी पेक्षा अधिक स्पष्टतेचा व्हिडिओ न देण्याचे मान्य केले. टॉवर वाढवावे लागले नाहीत की तारा टाकाव्या लागल्या नाहीत. मागणीच वरून छाटली गेली.

थेट सामना मात्र या दोन टोकांच्या मध्ये अडकतो. साठा मोठा ठेवला तर शेजारच्या घरातून ‘आउट!’ अशी आरोळी आधी ऐकू येते आणि लहान ठेवला तर चित्र थांबते.

९. जत्रेत, वारीत किंवा स्टेडियममध्ये फुल रेंज असूनही काहीच का चालत नाही?

रेंज म्हणजे टॉवर दिसतो आहे. त्यात जागा आहे की नाही हे दांड्या सांगत नाहीत. आषाढीला पंढरपुरात लाखोंच्या संख्येने माणसे येतात. शहराच्या रोजच्या लोकसंख्येसाठी आखलेले टॉवर त्या दिवशी पुरणे शक्यच नसते, म्हणून चाकांवरचे तात्पुरते टॉवर उभे करावे लागतात. पण टॉवर दाटीने उभे केले की ते एकमेकांच्या सिग्नलमध्ये ढवळाढवळ करू लागतात, त्यामुळे दुप्पट टॉवर म्हणजे दुप्पट क्षमता असे होत नाही.

अशा गर्दीत नेटवर्क प्रवेश नियंत्रण वापरते. हमी असलेला नवा मार्ग उघडला तर आधीच्यांची हमी मोडेल असे दिसले की टॉवर नवा कॉल नाकारतो. प्रत्येक मार्गाला १ ते १५ असा एक वाटपक्रमही दिलेला असतो. जागा संपली की वरच्या क्रमाचा मार्ग खालच्याला बाहेर काढू शकतो, आणि आपत्कालीन कॉलला वाट मिळते ती यामुळे. ग्राहकाला कॉल नाकारला जाणे अपमानास्पद वाटते, पण दहा जणांचे संभाषण एकदम तुटण्यापेक्षा अकराव्याला ‘नेटवर्क व्यस्त’ ऐकवणे मला तरी अधिक प्रामाणिक वाटते.

१०. ५जी आल्यावर हे सगळे प्रश्न सुटले नाहीत का?

काही सुटले. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले. त्यात स्पेक्ट्रम जास्त, रेडिओच्या वाटपाचे तुकडे लहान आणि त्यामुळे हवेतला विलंब कमी. दर्जाची व्यवस्थाही बारीक झाली: ४जीमध्ये प्रत्येक वर्गासाठी स्वतंत्र मार्ग (बेअरर) उघडावा लागे, ५जीमध्ये एकाच जोडणीच्या आत प्रवाहागणिक वेगळा दर्जा लावता येतो, आणि १० मिलिसेकंदांसारख्या कडक मर्यादेचे नवे वर्गही आले.

स्लाइसिंगबद्दल मात्र अपेक्षा जपून ठेवाव्यात. एकाच नेटवर्कचे अनेक आभासी भाग करून कारखान्याला एक, रुग्णवाहिकेला एक, घरगुती ग्राहकाला एक असे देण्याची ती सोय आहे. तिच्यासाठी ५जीचा स्वतःचा गाभा, म्हणजे टॉवरांमागची मध्यवर्ती यंत्रणा, लागतो. भारतात जिओने सुरुवातीपासून तसा गाभा उभारला, तर एअरटेलने ४जीच्या गाभ्यावर ५जी रेडिओ जोडून सुरुवात केली. पण स्लाइस केली म्हणून हवेतले ब्लॉक वाढत नाहीत. एकाचा वाटा राखून ठेवला की तो इतरांच्या वाट्यातूनच जातो.

११. कंपनीला पैसे देऊन एखादे व्हिडिओ ॲप आपल्यासाठी प्राधान्य विकत घेऊ शकते का?

भारतात नाही. दूरसंचार नियामक ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली आणि जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने ट्रायच्या नेट न्यूट्रॅलिटीविषयक शिफारशी स्वीकारल्या. त्यानुसार इंटरनेटवरील मजकुरात भेद करून एखाद्याला अडवणे, मंद करणे किंवा पुढे काढणे चालत नाही. गर्दी आवरण्यासाठी वाहतुकीचे वाजवी नियमन चालते, मात्र ते गरजेपुरते, तात्पुरते आणि उघड असावे लागते. खुल्या इंटरनेटच्या बाहेरच्या विशेष सेवांना यातून वगळलेले आहे.

कंपनीच्या स्वतःच्या व्होल्टीला खास मार्ग आणि इतरांच्या कॉलला नाही, हा दुजाभाव नव्हे का, असे विचारणारे असतात. व्होल्टी ही दूरध्वनी सेवा असून तिच्यावर आपत्कालीन कॉल आणि दर्जाच्या मानकांची जबाबदारी आहे, हे त्यावरचे उत्तर. ते मला पटते, जरी ग्राहकाच्या कानाला दोन्ही कॉल सारखेच असले तरी.

१२. ट्रायचे दर्जाबाबतचे नियम काय सांगतात?

वायरलाइन, वायरलेस आणि ब्रॉडबँडसाठीचे आधीचे वेगवेगळे नियम एकत्र करून ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये नवे विनियम काढले आणि ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. कॉल ड्रॉपची मर्यादा २ टक्के आहे. विलंब, जिटर आणि पॅकेट गळती यांकडे आता मापनाचे विषय म्हणून पाहिले जाते, ही मल्टिमीडियाच्या दृष्टीने खरी प्रगती. एप्रिल २०२५ पासून मोबाइल सेवेची कामगिरी तिमाहीऐवजी दर महिन्याला तपासली जाते. कंपन्यांनी आपल्या कक्षेचे नकाशे संकेतस्थळावर द्यावेत असेही बंधन आहे.

तक्रार आहे ती सरासरीची. परवान्याच्या हिशोबात महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतो आणि मुंबई वेगळी असते. गडचिरोलीपासून काणकोणपर्यंतच्या सगळ्या टॉवरची सरासरी काढली की एखाद्या गावातला रोज संध्याकाळी गुदमरणारा टॉवर त्यात दिसेनासा होतो.

तुटलेल्या कॉलमागे एक रुपया आणि दिवसाला जास्तीत जास्त तीन कॉलांची भरपाई देण्याचा नियम ट्रायने २०१५ मध्ये केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो ११ मे २०१६ रोजी रद्द ठरवला.

१३. घरात वायफाय कॉलिंग वापरणे चांगले का?

टॉवरचा सिग्नल आत पोहोचत नसेल तर नक्कीच. वायफायमध्येही आवाज, व्हिडिओ, साधा डेटा आणि पार्श्वभूमी असे चार वर्ग आहेत आणि आवाजाच्या पॅकेटाला बोलण्याआधी कमी वेळ थांबावे लागते. पण शेजारपाजारचे दहा राउटर त्याच चॅनेलवर असतील तर ही सवलत फार काळ पुरत नाही. शक्य असल्यास ५ गिगाहर्ट्झचा बँड निवडावा.

१४. आम्ही व्हिडिओ कॉलचे ॲप बनवतो. नेटवर्ककडून हमी मिळणार नसेल तर आम्ही काय करावे?

पॅकेटावर ‘तातडीचे’ असा शिक्का मारून भागेल, अशी आशा ठेवू नये. इंटरनेटच्या वाटेत तो शिक्का बऱ्याचदा पुसला जातो किंवा दुर्लक्षिला जातो. आवाज आणि चित्र यांत निवड करावी लागली तर चित्राचा बळी द्यावा. चेहरा दोन सेकंद गोठला तर माणसे बोलत राहतात, आवाज दोन सेकंद गेला तर कॉल तोडतात. ओपस कोडेकमध्ये आधीच्या तुकड्याची हलकी प्रत पुढच्या पॅकेटात घालण्याची सोय आहे, ती गळती दिसू लागताच चालू करावी. गर्दीचा अंदाज गळतीवरून घेऊ नका, वाढत्या विलंबावरून घ्या, कारण मोबाइलवर गळती दिसेपर्यंत रांग केव्हाच भरून गेलेली असते. वायफायवरून मोबाइल डेटावर जाताना फोनचा पत्ता बदलतो. क्विक या इंटरनेटच्या नव्या नियमावलीत जोडणीची ओळख पत्त्यावर अवलंबून नसल्याने ती तुटत नाही.

आणि चाचणी कार्यालयातल्या वायफायवर करू नये. विरार लोकल धरावी, सकाळची.

१५. तक्रार करायची असेल तर कशी करावी?

आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे, १९८ या क्रमांकावर. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही.

‘नेटवर्क बेकार आहे’ एवढ्यावर कोणताही अभियंता काही करू शकत नाही. जागा इमारतीच्या नावासह सांगावी, घरात की बाहेर ते सांगावे, वेळ सांगावी आणि त्रास रोज त्याच वेळी होतो का तेही. साधा कॉल तुटतो की फक्त इंटरनेटवरचा, हा तपशील सर्वांत उपयोगाचा: दोन्ही तुटत असतील तर दोष सिग्नलमध्ये शोधतात, फक्त दुसरा तुटत असेल तर टॉवरवरच्या गर्दीत. आपला आवाज समोर जात नाही की समोरचा इथे येत नाही, हेही लिहावे. त्याच खोलीत दुसऱ्या कंपनीचा फोन चालतो का ते पाहून ठेवावे, आणि फोनमध्ये ४जी की ५जी दिसत होते ते तक्रारीत नोंदवावे.